ॲडव्हेंचर बाईकला इंजिन गार्ड लावून घेताय? आधी हे वाचा

नवीन ॲडव्हेंचर बाईक घरी आली की आठवडाभरात इंजिन गार्डची, म्हणजे गाडी पडली तर इंजिन वाचवायला दोन्ही बाजूंना लावतात त्या पाइपच्या सांगाड्याची, चौकशी सुरू होते, आणि आमच्या वर्कशॉपमध्ये येणारा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, "पाइप किती जाड आहे?" पाइपची जाडी बघायची आहेच, पण त्याआधी विचारा की हा गार्ड बाईकला कुठे आणि किती ठिकाणी पकडतो. गाडी आडवी झाल्यावर मार आधी पाइपवर बसतो हे खरं, पण तो पाइपवर थांबत नाही, बोल्टमधून पुढे फ्रेममध्ये नाहीतर इंजिनमध्ये जातो. तो कुठे जाणार हे फिटिंगवर ठरतं. म्हणून हे पत्रक, गार्ड आमच्याकडून घ्या नाहीतर बाहेरून आणा, फिटिंग कुठेही करा, पण समजून करा.

गाडी नक्की पडते कुठे? लोकांच्या डोळ्यासमोर लडाख, स्पिती असतं. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक करून उभ्या उभ्या पडलेल्या असतात. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडला खडी पसरलेली असते, तिथे यू टर्न घेताना पाय घसरतो, किंवा पावसाळ्यात माळशेजला धबधब्याजवळ गाडी कडेला लावली, ओल्या मातीत साइड स्टँड हळूहळू रुतला आणि गाडी आडवी. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 चं वजन 196 किलो आहे, त्यावर सामान बांधलेलं असेल तर अजून जास्त, एवढं वजन सीटच्या उंचीवरून खाली येतं तेव्हा सगळ्यात बाहेर आलेला भाग आधी जमिनीला लागतो. गार्ड नसेल तर तो भाग म्हणजे इंजिनच्या एका बाजूचं झाकण म्हणजे क्लच कव्हर, दुसऱ्या बाजूचं मॅग्नेट कव्हर, आणि गियर लिव्हर. ही कव्हरं ॲल्युमिनियमची असतात, ती वाकत नाहीत, तडकतात. तडा गेला की ऑइल बाहेर, आणि मुरबाडच्या पुढे संध्याकाळी सहा वाजता टेम्पो शोधत बसायची वेळ येते. लिक्विड कूल्ड गाडीत रेडिएटरपण पुढेच असतो, त्याची एक नळी चेपली तरी राइड संपली.

गार्डचं काम एवढंच, की पडलेली गाडी उचलून, स्टार्ट करून तुम्ही घरी येऊ शकाल. पायाची खात्री गार्ड देत नाही, त्यासाठी रायडिंग बूट घाला, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहू.

आता पकडीबद्दल, कारण सगळं त्यातच आहे. चांगला गार्ड प्रत्येक बाजूला वर आणि खाली अशा लांब लांबच्या दोन ठिकाणी तरी पकडतो, शिवाय डावा आणि उजवा भाग पुढून किंवा खालून आडव्या पट्टीने एकमेकांना जोडलेला असतो. म्हणजे डावीकडे मार बसला तर उजवी बाजूपण तो वाटून घेते. स्वस्त गार्डमध्ये ही आडवी पट्टीच नसते. मागे एका ग्राहकाची गाडी आली होती, गार्ड बाहेरून कुठूनतरी लावलेला, दिसायला एकदम दणकट, पण दोन्ही बोल्ट एकमेकांना अगदी लागून आणि डाव्या-उजव्या भागात जोड नाही. गाडी पार्किंगमध्येच पडली, गार्ड बोल्टभोवती फिरला आणि त्याच गार्डच्या पाइपने क्लच कव्हर आत दाबलं. पाइपला साधा पोचापण नव्हता. गार्ड नसता तर कदाचित कव्हर नुसतं खरचटलं असतं.

दुसरं असं की पाइप हवा तेवढाच कडक हवा. साधारण 22 ते 25 मिमी व्यासाचा आणि 2 मिमी जाडीचा पाइप या वजनाच्या गाड्यांना पुरतो असा आमचा अनुभव आहे. मोठ्या मारात गार्ड वाकला पाहिजे, तो वाकतो म्हणजे मार स्वतः खातो. अजिबात न वाकणारा गार्ड तोच मार फ्रेमच्या मुळावर नेऊन टाकतो, आणि फ्रेमचा खर्च गार्डच्या कितीतरी पट असतो. म्हणूनच वाकलेला गार्ड गरम करून सरळ करायला आमच्याकडे आणू नका, आम्ही करत नाही, तो बदलायचा.

गाडीगणिक फरक आहे. जुन्या हिमालयन 411 ला टाकीच्या दोन्ही बाजूंनी कंपनीचा जो रॅक येतो त्याला बरेच जण क्रॅश गार्ड समजतात, तो सामान बांधायचा रॅक आहे, इंजिन त्याच्या खाली उघडंच आहे. त्या गाडीच्या फ्रेमचे पाइप इंजिनच्या खालून जातात त्यामुळे पकडायला जागा बऱ्या मिळतात. हिमालयन 450 आणि केटीएम 390 ॲडव्हेंचरमध्ये इंजिन स्वतःच फ्रेमचा भाग म्हणून ताण घेतं, खालून पाइप नाहीत, तिथे गार्ड इंजिनच्या माउंटिंग बोल्टवर, म्हणजे इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या बोल्टवर, येतो आणि फिटिंगला जास्त जपावं लागतं. सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि हिरोच्या एक्सपल्स 200 ला पुढे ऑइल कूलर आहे, गार्ड त्याला झाकतो का आणि हवा अडवतो का दोन्ही बघा. एका मॉडेलचा गार्ड दुसऱ्याला "थोडं ॲडजस्ट करून" बसवा म्हणणारे येतात, त्यांना आम्ही नाही म्हणतो.

फिटिंग आम्ही कसं करतो ते सांगतो, म्हणजे दुसरीकडे केलंत तरी समोर उभं राहून बघता येईल. इंजिन पूर्ण थंड पाहिजे. इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने नुसता आधार द्यायचा, उचलायचं नाही. मग इंजिन माउंटचा लांब बोल्ट काढताना तो सरळ ओढून घ्यायचा नाही, मागून त्याच मापाची गोल सळई ढकलत न्यायची म्हणजे बोल्ट बाहेर येतो तशी सळई त्याच्या जागी बसते आणि फ्रेमचं भोक आणि इंजिनचं भोक समोरासमोर राहतं. हे केलं नाही तर इंजिन दोन-तीन मिमी खाली बसतं, मग नवीन बोल्ट हातोडीने ठोकला जातो आणि आटे जातात. दोन माउंट एकाच वेळी कधीच मोकळे करायचे नाहीत. गार्डच्या भोकात पावडर कोटिंगचा थर असतो तो खरवडून काढायचा, वॉशर बसते तिथलापण. हा थर राहिला तर बोल्ट टाइट वाटतो, पण चालवताना कोटिंग दबतं, चुरा होऊन जातं आणि बोल्ट सैल पडतो. सगळे बोल्ट आधी हाताने बसवायचे, गार्ड दोन्ही बाजूंनी सारखा बसलाय हे बघायचं, आणि मगच टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना, जोराचा आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. गार्डला ओढूनताणून बोल्ट लावायला लागत असेल तर तिथेच थांबा, तो ताण कायमचा फ्रेममध्ये राहणार आहे, स्पेसर, म्हणजे मध्ये घालायचा तुकडा, चुकलाय किंवा गार्डच वाकडा आहे.

बोल्टचं एक वेगळं सांगायचंय. चकचकीत दिसतात म्हणून स्टेनलेसचे बोल्ट मागितले जातात. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा, 8.8 म्हणजे तुटण्याची ताकद 800 मेगापास्कल, 10.9 म्हणजे 1000, आणि बाजारात मिळणारा नेहमीचा ए2-70 स्टेनलेस म्हणजे 700. इंजिन माउंटला कंपनीने जो ग्रेड दिलाय त्यापेक्षा कमी लावायचा नाही, दिसायला कितीही छान असला तरी. लांबी अशी की नट पूर्ण बसून दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. काढलेले मूळ बोल्ट आम्ही पिशवीत घालून तुम्हाला देतो, ते टाकू नका, कधी गार्ड काढायचा झाला तर लागतील.

गाडी ताब्यात घ्यायच्या आधी हँडल दोन्ही टोकांना वळवून बघा, पुढचं सस्पेंशन दाबून चाक किंवा मडगार्ड गार्डला लागत नाही ना ते बघा, बूट घालून गियर आणि ब्रेक दाबून बघा, ऑइल फिल्टर गार्ड न काढता निघतो का ते विचारा. साधारण 300 किमी झाले की एकदा परत या, सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

ठाणे, नवी मुंबई म्हणजे खाडीची हवा, त्यात चार महिने पाऊस. लोखंडी पाइप बाहेरून गंजतो त्यापेक्षा आतून जास्त गंजतो, कारण आत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. खालच्या बाजूला पाणी जायला छोटं भोक आहे का बघून घ्या आणि चिखलाने बुजलं तर तारेने मोकळं करा. कोटिंग उडालं तिथे लगेच टचअप. 304 ग्रेडच्या स्टेनलेसचा गार्ड महाग पडतो, पण पाम बीचला किंवा उलव्याला राहणाऱ्यांनी विचार करावा, त्यावरही तपकिरी डाग येतात पण ते पुसले जातात.

लेहला गाडी ट्रान्सपोर्टने पाठवताना पट्टे गार्डला बांधू देऊ नका, रस्ताभर हिसके बसून गार्ड आणि माउंट दोन्ही ढिले होतात, पुढे हँडलजवळचा वरचा क्लॅम्प आणि मागची फ्रेम धरून बांधायला सांगा.

कागदपत्रांचं थोडक्यात. बाहेरून लावलेला गार्ड पॉलिसीत आपोआप येत नाही, नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून किंमत लिहून घ्यायची, प्रीमियम थोडा वाढतो, बिल जपून ठेवा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीत मनाने फेरबदल चालत नाहीत, डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने बुल बारवर, म्हणजे गाड्यांच्या पुढे लावतात त्या लोखंडी गार्डवर, कारवाई करायला राज्यांना सांगितलं ते याच कलमावर बोट ठेवून. त्यामुळे फ्रेमला भोक पाडणं, वेल्डिंग करणं किंवा हँडलपेक्षा रुंद गार्ड बसवणं आम्ही करत नाही. वॉरंटीतल्या गाडीसाठी आधी तुमच्या शोरूमला विचारून घ्या, कंपनीचा स्वतःचा गार्ड मिळत असेल तर तोपण बघा, आम्ही तोही बसवून देतो.

येताना फोन करून या, सोबत गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा कारण त्याच नावाच्या गाडीत माउंट बदललेले असतात. सकाळी गाडी सोडलीत तर इंजिन थंड होईपर्यंतचा वेळ धरून दुपारपर्यंत मिळते. रविवारी राइडला जायचंय म्हणून शनिवारी संध्याकाळी घाईत फिटिंग मागू नका, गुरुवारपर्यंत या म्हणजे मध्ये दोन दिवस ऑफिसला चालवून बोल्ट एकदा बघून घेता येतील.