'हरे रामा हरे कृष्णा': काठमांडूत ही पोरं आली कुठून?

देव आनंदला काठमांडूत हिप्पींच्या, म्हणजे घरदार आणि रूढ चाकोरी सोडून भटकणाऱ्या तरुणांच्या घोळक्यात एक भारतीय वंशाची मुलगी भेटली होती. माँट्रियलचं घर सोडून आलेली जसबीर; तिथे तिला जेनिस म्हणत. 'हरे रामा हरे कृष्णा'ची (१९७१) कल्पना त्याला तिथे सुचली आणि पडद्यावरची जसबीर झाली झीनत अमान.

सिनेमाचं निदान सोपं आहे. आईबापांचा काडीमोड, भावाबहिणीची ताटातूट, मग चिलीम. जसबीरपुरतं ते पटतंही. पण तिच्याभोवती कोंडाळं करून बसलेल्या गोऱ्या पोरांचं काय? अमेरिकेत तेव्हा व्हिएतनामसाठी सक्तीची लष्करभरती चालू होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी या हिप्पींच्या अड्ड्यावर १९६७च्या उन्हाळ्यात तरुणांचे लोंढे लोटले, आणि त्याच ऑक्टोबरात तिथल्याच मंडळींनी शवपेटी खांद्यावर घेऊन 'हिप्पी'ची अंत्ययात्रा काढली! काठमांडू गाठण्याआधीच बऱ्याच जणांचा भ्रमनिरास होऊन गेला होता.

वाट खुष्कीची होती. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली, मग नेपाळ. थंडी पडली की यातले बरेचजण गोव्याला, कळंगुट-हणजुणच्या किनाऱ्यावर उतरत. राणाशाही, म्हणजे राणा घराण्यातल्या पंतप्रधानांची वंशपरंपरागत सत्ता, १९५१मध्ये संपेपर्यंत नेपाळ परक्यांना जवळपास बंदच होता. तो खुला झाला तेव्हा तिथे राहणं-खाणं स्वस्त होतं आणि मुख्य म्हणजे चरस-गांजा कायदेशीर होता. दरबार चौकाजवळच्या झोछेन गल्लीत, म्हणजे 'फ्रीक स्ट्रीट'वर, परवाना असलेली दुकानं राजरोस चालत. त्यातलं 'ईडन हशीश सेंटर' तर जाहिरातीसाठी देवादिकांची चित्रं असलेली कॅलेंडरं छापायचं. आपल्याकडचा वाणी दिवाळीला देतो तशीच.

नावातल्या मंत्राची गंमत आणखी निराळी. भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपादांनी १९६६मध्ये न्यूयॉर्कला इस्कॉन ही कृष्णभक्तांची संस्था स्थापन केली आणि त्यांच्याभोवती जमलेल्या पहिल्या तरुणांत हिप्पी बरेच होते. पण दीक्षा घ्यायची तर नशा सोडायची, अगदी चहासुद्धा! सिनेमाने मात्र मंत्र आणि चिलीम एकाच तोंडी दिले, आणि इथल्या प्रेक्षकाच्या डोक्यात हिप्पी म्हटलं की हे दोन्ही कायमचे चिकटले.

देव आनंदला तरुणांना नशेपासून सावध करायचं होतं. पंचमच्या, म्हणजे राहुलदेव बर्मनच्या चालीने आणि आशा भोसल्यांच्या आवाजाने ते पार उलटवलं. 'दम मारो दम'वर आकाशवाणीने बंदी घातली, तरी आशाबाईंना फिल्मफेअर मिळालंच. उपदेश लोक विसरले, गाणं राहिलं.

नेपाळने १९७३मध्ये दुकानांचे परवाने रद्द केले. यामागे अमेरिकेचा दबाव होता असं सर्रास मानलं जातं. झोछेन ओस पडू लागलं, तरी रस्ता चालू होता. मग १९७९मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि युरोपातून बसने भारतात यायची वाटच तुटली.