आकाशातली मुंगी

चिंचेचं बुटुक जिभेवर ठेवलं की आंबट लागतं, कारण ते जिभेला प्रत्यक्ष भिडतं. समोरचा डोंगर मात्र डोळ्याला कुठेच शिवत नाही. मग तो दिसतो कसा? इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक विचारवंतांना या प्रश्नाने झपाटलं होतं.

सिसिलीतल्या एम्पेडोक्लीसचं उत्तर असं: प्रत्येक वस्तूतून सूक्ष्म कण सतत बाहेर पडतात आणि प्रत्येक इंद्रियाला ठरावीक मापाची छिद्रं असतात. ज्याच्या छिद्रात जे कण नेमके बसतील, तेवढंच त्याला जाणवणार. म्हणून तर डोळ्याला वास येत नाही!

अब्देरा गावच्या डेमोक्रिटसने हाच धागा अणूंपर्यंत नेला. आंबट पदार्थाचे अणू लहान आणि टोकदार, गोडाचे गोलसर व जरा मोठे, असं तो म्हणे. दिसण्याबद्दल त्याची कल्पना आणखी धीट होती. वस्तू आणि डोळा यांच्या मधली हवा दाबली जाते, तिच्यावर मेणावर उमटावा तसा ठसा उमटतो आणि तो डोळ्यातल्या ओलाव्यात उतरतो. मधे हवेऐवजी निव्वळ पोकळी असती, तर आकाशातली मुंगीसुद्धा लख्ख दिसली असती, असं त्याचं म्हणणं.

ॲरिस्टॉटलला हे साफ नामंजूर होतं. रंगीत वस्तू थेट डोळ्याला टेकवून पाहा, तो म्हणतो, रंग दिसणारच नाही. म्हणजे मधे काहीतरी पारदर्शक माध्यम हवंच. पोकळीत मुंगीच काय, काहीही दिसायचं नाही. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस याने ठशाच्या कल्पनेतच खोट काढली: ठसा घ्यायला हवेपेक्षा पाणी बरं, मग पाण्यातून कमी का दिसतं? हा प्रश्न मला फार आवडतो. सिद्धान्त खरा असेल तर आणखी काय घडायला हवं, हे तो विचारतो आहे.

पोकळीच्या बाबतीत ॲरिस्टॉटल चुकला. ताऱ्यांचा प्रकाश पोकळीतूनच आपल्यापर्यंत येतो. पण मुंगी डेमोक्रिटसलाही दिसली नसती. निरोगी डोळा साधारण 1/60 अंशापर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो. 5 मिलिमीटरची मुंगी 17 मीटरांवर गेली की तिने डोळ्याशी केलेला कोन एवढाच उरतो. त्यापलीकडे तिचे पाय, डोकं, पोट काही वेगळं कळत नाही, मधे हवा असो वा नसो.

डेमोक्रिटसला इंद्रियांचा भरवसा कमीच होता. गोड, कडू, रंग हे सारे मानण्याचे व्यवहार; खरे फक्त अणू आणि पोकळी, असं त्याने लिहिलं. तरी त्याने इंद्रियांनाही बोलू दिलं. ती बुद्धीला म्हणतात, ‘बिचारे, पुरावा आमच्याकडूनच घेतेस आणि आम्हालाच पाडतेस? आम्ही पडलो की तूही पडलीस.’ त्याचे ग्रंथ नष्ट झाले. गेलेन या वैद्याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हे बोल उतरवून ठेवले, म्हणून ते आपल्याला वाचता येतात.