किट घ्यावे की नुसता नमुना? क्रॉस स्टिच करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

क्रॉस स्टिच, म्हणजेच फुलीचा टाका, शिकू इच्छिणारे ग्राहक आम्हाला बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतात, की सगळे साहित्य एकत्र असलेले किट घ्यावे, की केवळ नमुना विकत घेऊन कापड आणि दोरे स्वतः निवडावेत. आम्ही दोन्ही विकतो. त्यामुळे ग्राहकाला एकाच बाजूला ओढण्यात आमचा काही लाभ नाही, आणि खालील मजकूर त्याच दृष्टीने वाचावा.

किटमध्ये सर्वसाधारणपणे मापात कापलेले कापड, रंगवार लावलेले दोरे, एक-दोन सुया, चौकटींचा आलेख आणि सूचनापत्र असते. रिंग (कापड ताणून धरणारी गोल चौकट) आणि कात्री बहुतेक किटांत नसतात. वेष्टनावरील चित्रात पूर्ण झालेले काम काचेच्या फ्रेममध्ये बसवलेले दिसते, म्हणून ती फ्रेम आत असेल असे गृहीत धरू नये. हा गैरसमज इतका सर्रास होतो की तो येथे नोंदवणे आम्हाला आवश्यक वाटले.

किट घेणाऱ्याच्या वतीने कापड कोणते, दोऱ्याच्या छटा कोणत्या आणि सुईत दोऱ्याचे किती पदर (सुटे धागे) ओवायचे हे निर्णय उत्पादकाने आधीच घेतलेले असतात. ज्याने अजून एकही फुली घातलेली नाही त्याला हे निर्णय स्वतः घेता येणे कठीण असते, म्हणून पहिले काम किटनेच करावे असे आमचे स्पष्ट मत आहे. ते किट लहान असावे, कापड फिकट रंगाचे आणि 14 काउंटचे (म्हणजे एका इंचात 14 चौकटी असलेले) असावे, आणि रंग दहा-पंधराच्या आत असावेत. काळ्या कापडावरील चित्रे फार उठून दिसतात हे खरे, परंतु त्यावरील छिद्रे दिव्याखालीही नीट दिसत नाहीत.

छापील कापडाच्या किटांविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अशा किटात नमुना कापडावरच छापलेला असतो आणि काम झाल्यावर ती शाई पाण्याने धुऊन काढायची असते. शाई पूर्ण जाण्यापूर्वी कापडावर इस्त्री फिरवल्यास उष्णतेने ती पक्की होण्याचा धोका असतो. म्हणून आधी सूचनापत्रानुसार धुवावे आणि मगच इस्त्री करावी.

किटची खरी अडचण दोरा संपल्यावर कळते. अनेक उत्पादक किटमधील दोऱ्यांना स्वतःचे क्रमांक देतात किंवा फक्त आलेखातील चिन्हच देतात, त्यामुळे तीच छटा सुटी मिळवणे अवघड होते. दोन पदरांऐवजी चुकून तीन पदर वापरले गेले, किंवा टाके वारंवार उसवावे लागले, तर मोजून दिलेला दोरा शेवटपर्यंत पुरत नाही. अशा वेळी जवळच्या छटेचा दोरा दिवसाच्या उजेडात जुळवावा आणि तो एखाद्या स्वतंत्र भागासाठी, उदाहरणार्थ एका संपूर्ण पानासाठी, वापरावा. आकाशासारख्या सलग भागाच्या मध्येच तो जोडला तर सांधा कायम दिसत राहतो.

नुसता नमुना घेतल्यास मापाचा निर्णय तुमच्या हाती येतो. काउंट म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणाऱ्या चौकटींची संख्या, आणि टाक्यांच्या संख्येला काउंटने भागले की चित्राचे माप इंचांत मिळते. समजा, नमुना 140 टाके रुंद आणि 112 टाके उंच आहे. 14 काउंटच्या आयडा कापडावर (चौकटी आणि छिद्रे स्पष्ट दिसतील असे विणलेले कापड) तो 10 इंच बाय 8 इंच होईल, 18 काउंटवर सुमारे 7.8 बाय 6.2 इंच, तर 11 काउंटवर सुमारे 12.7 बाय 10.2 इंच. 28 काउंटच्या लिननवर (येथे काउंट म्हणजे इंचातील धागे) दोन धाग्यांवर एक टाका घातल्यास माप 14 काउंटइतकेच येते. फ्रेम करण्यासाठी चारही बाजूंना साधारण 3 इंच कापड जास्त ठेवावे, म्हणजे वरील चित्राला 14 काउंटवर 16 बाय 14 इंचांचा तुकडा लागेल. पदरांचे प्रमाणही काउंटनुसार बदलते: 11 काउंटला तीन, 14 ला दोन, 18 ला एक किंवा दोन. सुई बोथट टोकाची असावी. 14 काउंटला 24 क्रमांकाची आणि 18 ला 26 क्रमांकाची चालते.

दोऱ्याचा हिशोब थोडा सविस्तर देतो, कारण नमुना घेणाऱ्यांची फसगत येथेच होते. सहा पदरी दोऱ्याची एक लडी सहसा 8 मीटरची असते. ती दोन-दोन पदरांत सोडवली की 24 मीटर दोरा मिळतो. 14 काउंटवर एका पूर्ण फुलीला पुढून-मागून मिळून जवळपास 9 मिलिमीटर दोरा लागतो, म्हणजे गणिताने एका लडीत 2,600 हून अधिक टाके बसतात. प्रत्यक्षात सुरुवात, शेवट, उड्या (मागच्या बाजूने एका भागातून दुसऱ्या भागात नेलेला दोरा) आणि उसवणे यांत बराच दोरा जातो, म्हणून आम्ही एका लडीचे 1,800 टाकेच धरतो. एखाद्या रंगाचे 2,300 टाके असतील तर दोन लड्या एकाच वेळी, एकाच रंगतुकडीतील (म्हणजे एकत्र रंगवलेल्या) घ्याव्यात.

मात्र एखाद्या रंगाचे फक्त 40 टाके असले तरी लडी पूर्णच घ्यावी लागते. तीस रंगांचा नमुना म्हणजे किमान तीस लड्या, आणि त्यामुळे पहिला स्वतंत्र नमुना किटपेक्षा महाग पडू शकतो. उरलेले दोरे क्रमांकासह जपून ठेवले, तर पुढच्या नमुन्यांना नव्याने घ्याव्या लागणाऱ्या लड्या कमी होत जातात. येथे क्रमांक नेमके पाहावेत: दोरे बनवणाऱ्या कंपन्यांपैकी डीएमसीमध्ये काळा रंग 310 आहे, तर अँकरमध्ये 403. एका कंपनीचे क्रमांक दुसरीत बदलून देणारे तक्ते मिळतात, परंतु त्यांत सर्वांत जवळची छटा दिलेली असते, तंतोतंत तीच नव्हे.

नमुना निवडताना आलेखाचे एखादे पान तरी आधी पाहावे. छायाचित्रावरून संगणकाने आपोआप तयार केलेल्या अनेक नमुन्यांत एकेक सुटा टाका वेगवेगळ्या रंगांत विखुरलेला असतो. असे काम दर दोन टाक्यांना दोरा बदलायला लावते आणि बहुधा अर्ध्यावरच कपाटात जाते. पाव टाके (चौकटीच्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंतच जाणारे टाके) असलेला नमुना आयडावर त्रासाचा होतो, कारण चौकटीच्या मधोमध सुईने नवे छिद्र पाडावे लागते; त्यासाठी दोन धाग्यांवर टाका घालण्याचे लिनन बरे. विकत घेतलेल्या नमुन्याच्या प्रती इतरांना वाटू नयेत, तो तुमच्या वापरापुरता असतो.

नमुना निश्चित झाल्यावर त्यातील रंगांची यादी, प्रत्येक रंगाच्या टाक्यांची संख्या आणि हवे असलेले माप आमच्याकडे आणावे. लड्या आणि कापडाचा तुकडा आम्ही मोजून देऊ. आपल्याकडे आधीपासून असलेल्या दोऱ्यांचे क्रमांकही सोबत लिहून आणावेत, म्हणजे तेच रंग पुन्हा घेतले जाणार नाहीत.