जुनी कंपनी नव्या कंपनीला नेमकं काय सांगते?

ऑफर लेटरच्या मागोमाग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म येतो. तपासणी बहुधा एजन्सीकडे असते. संमतिपत्रावर तुमची सही झाली की ती जुन्या एचआरला मेल टाकते.

मेलमध्ये साधारण एक तक्ता असतो. एका रकान्यात तुम्ही भरलेलं, शेजारचा रकाना एचआरसाठी: रुजू तारीख, शेवटचा दिवस, हुद्दा, एम्प्लॉयी कोड, पगार, सोडण्याचं कारण, येणं-देणं बाकी आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली का, पुन्हा घ्याल का. बऱ्याच मोठ्या कंपन्या तारखा आणि हुद्दा सांगून थांबतात. साहेबाशी उडालेले खटके या तक्त्यात मावत नाहीत. ते निघतात रेफरन्सच्या फोनवर, म्हणजे तुम्ही ज्यांचे नंबर देता त्यांना येणाऱ्या फोनवर. त्यामुळे कुणाचाही नंबर देण्याआधी त्याला विचारा. वाईट सांगायला कायद्याने बंदी आहे, ही समजूत मात्र चुकीची. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार बदनामी गुन्हा आहे, पण दुसऱ्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला त्यातच अपवाद आहे.

फ्रेशरचं शिक्षण आणि पत्ता तपासला की बहुधा भागतं. सध्या नोकरीत असाल तर 'आत्ता संपर्क नको' अशी खूण करा.

कागदपत्रं: रिलीव्हिंग लेटर (कंपनीने कामातून मोकळं केल्याचं पत्र), अनुभवपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि यूएएनची, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाची, सर्व्हिस हिस्टरी: त्यावर नोंदलेल्या नोकऱ्यांची यादी. कंपनी बंद पडली असेल तर पीएफ पासबुक आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट कामी येतं.

खरी गडबड सर्व्हिस हिस्टरीत होते. माझ्या एका जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती. नव्या एचआरचा प्रश्न आला, "तुम्ही अजून तिथेच आहात का?" दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसल्या की संशय येणारच. ही तारीख आता आपणही भरू शकतो: ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मेंबर पोर्टलवर 'मॅनेज' मध्ये 'मार्क एक्झिट'. नोकरी सोडून दोन महिने झालेले हवेत आणि आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा, ओटीपी त्यावरच येतो. रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच तारीख टाका, नंतर ती बदलणं कटकटीचं असतं.

फॉर्ममध्येही तारखा आठवून लिहू नका, पत्रावरून उतरवा. तरी तफावत निघालीच, तर एजन्सीच्या मेलला त्याच दिवशी कागद जोडून उत्तर पाठवा.