प्रकार २ मधुमेहातील लठ्ठपणा, उच्च रक्तदाब आणि मेददोष

प्रकार २ मधुमेहात वाढलेल्या साखरेच्या जोडीला बहुधा पोटाचा लठ्ठपणा, उच्च रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल व इतर मेदांचे बिघडलेले प्रमाण आढळते. अमेरिकन वैद्य जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये रक्तदाब व मेददोष यांचा इन्शुलिनरोधाशी (शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाही, त्या स्थितीशी) संबंध मांडला. या रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे. म्हणून नुसती साखर आटोक्यात ठेवून भागत नाही.

पोटातील अवयवांभोवतीची चरबी इन्शुलिनला नीट दाद देत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले यकृतात जातात आणि यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड (एक प्रकारचा मेद) बनवून रक्तात सोडते. परिणामी ट्रायग्लिसराइड वाढते, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) घटते आणि एलडीएलचे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे) कण लहान व घट्ट होतात. एलडीएलचा आकडा ठीक असूनही कणांची संख्या जास्त असू शकते, त्यामुळे अहवालातील ‘नॉर्मल’ या शब्दावर विसंबणे धोक्याचे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा अधिक भरवशाचा, आणि त्यासाठी उपाशीपोटी रक्त द्यावे लागत नाही. ट्रायग्लिसराइड ४०० मिग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या वर गेले की इतर आकड्यांवरून सूत्राने काढलेले एलडीएल चुकते. ५०० च्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढू लागतो. साखर फार चढलेली असेल तर आधी ती उतरवावी, ट्रायग्लिसराइड पुष्कळदा तेवढ्यानेच खाली येते.

चाळिशीनंतर बहुतेक मधुमेहींना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) दिले जाते, एलडीएल फार वाढलेले नसले तरी. त्याने साखर किंचित वाढते. पण हृदयविकार टळण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे, तेव्हा या भीतीपोटी गोळी बंद करू नये.

रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट सर्वसाधारणपणे मानले जाते. मोजताना मात्र चुका फार होतात. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व धूम्रपान टाळावे, लघवी करून यावे, पाठ टेकून व पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर असावा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो आणि नाहक गोळ्या वाढतात. जुन्या मधुमेहात उभे राहूनही मोजावे : वरचा आकडा २० ने किंवा अधिक घसरल्यास स्वायत्त मज्जातंतूंना (रक्तदाबासारखी कामे आपोआप सांभाळणाऱ्या) इजा झाल्याची शंका घ्यावी. लघवीतून अल्ब्युमिन (एक प्रथिन; मूत्रपिंडांना इजा झाल्याची खूण) जात असल्यास रक्तदाबाच्या औषधांपैकी एसीई रोधक किंवा एआरबी गटातील औषध प्रथम निवडतात. दोन्ही गट एकत्र देत नाहीत; सुरू केल्यावर रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालते ते यावरून कळते) व पोटॅशियम तपासावे लागते. गरोदरपणात ही औषधे वर्ज्य आहेत.

वजन ५ टक्क्यांनी घटले तरी साखर, रक्तदाब व ट्रायग्लिसराइड या तिन्हींत फरक पडतो. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत (२०१७) १५ किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांपैकी ८६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षअखेरीस औषधांविना काबूत होता. मधुमेह होऊन त्यांना सहा वर्षांहून अधिक काळ लोटलेला नव्हता. साखरेच्या औषधांची निवडही वजनावर परिणाम करते. इन्शुलिन, सल्फोनिलयुरिया व पायोग्लिटाझोन यांनी वजन वाढते, मेटफॉर्मिनने फारसे बदलत नाही, तर जीएलपी-१ व एसजीएलटी-२ गटांतील औषधांनी घटते. वजन झपाट्याने उतरत असताना इन्शुलिन, सल्फोनिलयुरिया आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा वैद्याने वेळीच कमी करावी, नाहीतर साखर एकदम उतरते किंवा उभे राहताच भोवळ येते.