एकच पातेलं, सगळ्यांचं जेवण: घरात कुणाला काही चालत नसेल तर

आमच्या पिठाच्या चक्कीवर पीठ न्यायला येणाऱ्यांकडून आम्ही सारखं ऐकतो की घरात एकाला गहू चालत नाही, दुसऱ्याला दूध, तिसऱ्याला अंडं, मग रोज तीन स्वयंपाक करायचे का आणि एवढा खर्च आणायचा कुठून. तर तीन स्वयंपाक करूच नका. जे सगळ्यांना चालतं ते पातेल्यात, आणि जे काहींनाच चालतं ते ज्याच्या त्याच्या ताटात. म्हणजे भात, डाळ, भाजी सगळ्यांना एकच, आणि वरून लोणी, चीज, उकडलेलं अंडं ज्याला चालतं त्याने घ्यायचं.

पण आधी एक गोष्ट नीट कळली पाहिजे, घरात ऍलर्जी आहे की नुसतं पचत नाही. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पचत नसेल तर बऱ्याच जणांना थोडं दही किंवा जुनं मुरलेलं चीज चालून जातं, प्रमाणाचा प्रश्न असतो. दुधाची ऍलर्जी असेल तर मात्र त्यातल्या प्रोटीनचा त्रास असतो, तिथे लॅक्टोज-फ्री दूधही चालत नाही, कारण प्रोटीन तेच राहतं. आणि ज्या पदार्थाची जोरात रिऍक्शन येते तो ताटात वेगळा वगैरे नाही, जेवायच्या टेबलावरच आणू नका. गहू बंद करायचा विचार असेल तर आधी डॉक्टरकडे सिलिऍकची (गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रोटीनमुळे आतड्याला इजा होते, त्या आजाराची) टेस्ट करून घ्या, कारण गहू सोडल्यावर केलेली टेस्ट चुकून निगेटिव्ह येऊ शकते. ही घाई फार लोक करतात.

आता पैशाचं. आमच्याच धंद्याविरुद्ध बोलतोय, पण ग्लूटेन-फ्री बिस्किटं, ब्रेड, तयार मिक्स हे रोजचं जेवण नाही, वाढदिवसापुरतं ठीक आहे. तांदूळ, मका, ज्वारी, बटाटे, डाळी यांत मुळात ग्लूटेन नसतंच, त्यासाठी जास्तीचे पैसे कशाला. सुकी कडधान्यं घ्या, किलोभर शिजवली की दोन किलोच्या वर होतात, वाटे करून फ्रीजरला टाका म्हणजे दमून आलात त्या दिवशी बाहेरून मागवावं लागत नाही. राजमा मात्र भिजवून, ते पाणी ओतून, ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळाच, नुसता स्लो कुकरमध्ये मंद आचेवर ठेवला तर पोट बिघडतं. उरलेला भातही ओट्यावर ठेवू नका, तासाभरात गार करून फ्रीजमध्ये.

बदली वस्तू शोधताना ती पदार्थात काय काम करते ते बघायचं. केकमध्ये अंडं धरून ठेवायचं काम करतं, तर 1 टेबलस्पून जवसाची पूड 3 टेबलस्पून पाण्यात 10 मिनिटं ठेवा, एका अंड्याचं काम होतं (फुगवायचं काम ती करत नाही, ते बेकिंग पावडरवर सोडा). कटलेट बांधायला उकडलेला बटाटा पुरतो. सूप दाट करायला मैदा कशाला, कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घाला. फक्त लहान मुलाचं दूध बंद केलंत तर कॅल्शियम आणि प्रोटीन कुठून येणार ते आहारतज्ज्ञाला विचारा, तांदळाच्या दुधात प्रोटीन नावापुरतं असतं.

कांदा-लसणाने पोट फुगणाऱ्यांसाठी एक युक्ती, आमची आवडती. त्रास देणारा घटक पाण्यात उतरतो, तेलात नाही, म्हणून लसूण तेलात तळून काढून टाका आणि त्याच तेलात भाजी करा, चव राहते. लसणाची ऍलर्जी असेल तर मात्र हे करू नका.

भांड्यांकडे लक्ष द्या. तापवल्याने ग्लूटेन मरत नाही, त्यामुळे ज्या तेलात मैद्याचं काही तळलं त्यात सिलिऍकवाल्याचं तळायचं नाही. चाळणी आणि लाकडी चमचे वेगळेच ठेवा, आणि ज्याला चालत नाही त्याचं आधी करून झाकून ठेवा. शेंगदाण्याचा हात सॅनिटायझरने स्वच्छ होत नाही, साबण-पाणीच लागतं. लेबल दर वेळी वाचा: केसीन आणि व्हे म्हणजे दूध, माल्ट म्हणजे बहुतेक वेळा बार्ली (त्यातही ग्लूटेन असतं), आणि सोया सॉसमध्ये बऱ्याचदा गहू असतो.

आमच्याबद्दल पण स्पष्ट सांगतो. ज्वारी, मका, तांदूळ आम्ही वेगळ्या चक्कीवर दळतो, पण खोली एकच आणि गव्हाचं पीठ उडतं. त्यामुळे सिलिऍक असलेल्यांनी आमचं सुटं पीठ घेऊ नये, ग्लूटेन-फ्री लिहिलेलं सीलबंद पाकीट घ्या, त्यात किलोमागे ग्लूटेन 20 मिलिग्रॅमच्या वर नसावं असा नियम आहे. सुटं पीठ मागितलंत तर आम्ही आधी विचारू की घरात सिलिऍक कुणाला आहे का, आणि हो म्हणालात तर देणार नाही, राग मानू नका.