ग्लेन रॉयचे ‘समांतर रस्ते’ आणि कॅमेऱ्याचा प्रकाश

स्कॉटलंडमधल्या ग्लेन रॉय दरीचा फोटो अधूनमधून फिरत येतो. डोंगरउतारावर एकावर एक तीन आडव्या रेघा, त्याही दरीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर. खाली ओळ असते: प्राचीन प्रगत संस्कृतीचे रस्ते, नाहीतर परग्रहवासीयांची खूण. स्थानिक लोककथेत हे वीर फिओनचे शिकारीचे मार्ग आहेत. ती कथा म्हणून सुंदर आहे. परग्रहवाल्या पोस्टला मात्र तेवढाही आधार नाही. कोयनेच्या जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात उतरले की काठावर जशा रेघा उघड्या पडतात, तशाच या रेघा आहेत. फक्त इथले तळे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीच संपले.

रेघांची उंची सुमारे ३५०, ३२५ आणि २६० मीटर. चार्ल्स डार्विन १८३८ मध्ये इथे आला आणि पुढच्या वर्षी त्याने हे समुद्राचे जुने किनारे असल्याचे मांडले. चिलीत जमिनीबरोबर वर उचलले गेलेले समुद्रकिनारे त्याने पाहिले होते, त्यामुळे तर्क स्वाभाविक होता. पण इथे समुद्री शिंपले सापडत नव्हते. १८४० मध्ये हिमनद्यांचा अभ्यासक लुई अगासीने बर्फाने अडवलेल्या तळ्याची कल्पना पुढे आणली. १८६३ मध्ये भूवैज्ञानिक थॉमस जेमिसनने प्रत्येक रेघेची उंची पाणी सांडणाऱ्या एकेका खिंडीशी जोडली आणि कोडे सुटले. डार्विननेही आपली चूक मोकळेपणाने मान्य केली.

खरी गंमत या खिंडींतच आहे. रॉय नदी दक्षिणेला वाहत स्पीन नदीला मिळते आणि स्पीन पश्चिमेकडे जाते. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या थंडीच्या लाटेत पश्चिमेकडून हिमनद्या पुढे सरकल्या आणि त्यांनी स्पीनचे तोंड बुजवले. पाणी तुंबत गेले ते पूर्वेकडे लॅगनजवळच्या २६० मीटरच्या खिंडीपर्यंत. ती खिंड सांडवा झाली. खडकाचा सांडवा सहजासहजी झिजत नाही, म्हणून पातळी तिथेच थबकली. बर्फ रॉयच्या दरीत शिरला तेव्हा ही वाट बंद झाली आणि पाणी ३२५ मीटरच्या खिंडीतून सांडू लागले. तीही बुजल्यावर दरीच्या माथ्यावरची, स्पे नदीकडे उतरणारी ३५० मीटरची खिंड उरली. बर्फ मागे हटताना हाच क्रम उलटा झाला.

या स्पष्टीकरणाची परीक्षा नकाशावर घेता येते. २६० मीटरची रेघ स्पीनच्या दरीतही सापडते, वरच्या दोन फक्त रॉयमध्ये. समुद्र असता तर तिन्ही सगळीकडे दिसल्या असत्या. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा लँडरेंजर ३४ क्रमांकाचा नकाशा घ्या. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दहा-दहा मीटरवर असल्याने २६० आणि ३५०ची रेषा थेट बोटाने धरता येते.

प्रत्यक्षात प्रत्येक ‘रस्ता’ म्हणजे साधारण दहा मीटर रुंदीची, बाहेरच्या बाजूला किंचित कललेली पायरी. पाण्याच्या काठाशी गोठण्या-वितळण्याने खडक फुटत गेला आणि लाटांनी चुरा ओढून नेला. जवळ गेल्यावर ती चटकन ओळखूही येत नाही. फोटो फसतात ते इथेच.

मूळ उतार २८ अंशांचा आणि पायरी १० अंशांची धरू. पृष्ठभागावर पडणारा प्रकाश हा किरण आणि लंब यांतल्या कोनाच्या कोसाइनवर ठरतो. ही दरी ५७ अक्षांशाजवळ आहे, म्हणून जूनमध्ये भर दुपारी सूर्य ५६ अंशांवर असतो. तो उतारासमोर असेल तर उताराला जवळजवळ १००, पायरीला ९१ टक्के प्रकाश मिळतो. फरक इतका थोडा की रेघ पुसट होते. सूर्य १५ अंशांवर असताना हेच आकडे ६८ आणि ४२ होतात. पायरी गडद पट्टा होऊन उठून दिसते. एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट ताणून हे साधत नाही, गवताचे डाग तेवढे भडक होतात. डिसेंबरात सूर्य दुपारीही दहा अंशांच्या आत राहतो, त्यामुळे दरीचा बराच भाग सावलीत जातो. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम: सकाळी पश्चिमेकडची भिंत, दुपारनंतर पूर्वेकडची. उन्हाळ्यात खालच्या रेघा नेच्यांच्या दाट वाढीत लपतात, शिवाय मिज नावाच्या चावऱ्या माश्या उभे राहू देत नाहीत.

रॉयब्रिजला रेल्वे स्थानक आहे. तिथून एका गाडीपुरता अरुंद रस्ता दरीत जातो आणि वाटेत दर्शनस्थळ लागते. रस्त्यालगतच्या ‘पासिंग प्लेस’ समोरून येणाऱ्यांसाठी असतात, तिथे गाडी लावू नये. लेन्स ७० ते २०० मिलिमीटरची बरी. फार रुंद कोनाच्या (वाइड-अँगल) लेन्समध्ये कडेच्या रेघा वाकतात आणि हातात धरून फिरवलेल्या पॅनोरमात तर हमखास. सर्वांत मोठी चूक म्हणजे फोटो ‘सरळ’ करताना रेघेला आडवे धरणे. डोळ्यांपेक्षा वरची रेघ दूर जाताना खाली उतरते, खालची वर चढते; हा दृष्टिकोनाचा परिणाम आहे. कॅमेरा तिपाईवर लावून पाणसळीने समतल करा आणि मग क्रॉपला हात लावू नका. ३५०च्या पायरीवर उभे राहून समतल कॅमेऱ्यातून पलीकडे पाहिले, तर समोरची ३५०ची रेघ चौकटीच्या मध्यरेषेच्या अगदी जवळ येते. दोन किलोमीटरवर पृथ्वीच्या वक्रतेने पडणारा फरक जेमतेम ३० सेंटीमीटर, म्हणजे तिपाईच्या उंचीपेक्षाही कमी.